परगावच्या वस्तू, राजधानीची दालने: दिल्लीच्या संग्रहालयांविषयी

दिल्लीत इतिहास उघड्यावर आहे. बसथांब्यामागे लोदींच्या काळचा घुमट, गोल्फच्या मैदानात पडक्या कबरी, वसाहतीच्या मधोमध पायऱ्यांची विहीर. अशा शहरात जुन्या वस्तू काचेआड मांडून ठेवण्याची गरज कुणाला फार दिवस वाटली नाही, आणि वाटली तेव्हा उशीर झाला होता. कलकत्त्याचे इंडियन म्युझियम १८१४ चे, मद्रासचे १८५१ चे. मुंबईत भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये. दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालय मिळाले ते १९४९ साली. तोपर्यंत उत्खननांतून निघालेल्या उत्तम वस्तू देशभरच्या संग्रहालयांत आणि लंडनमध्ये जाऊन स्थिरावल्या होत्या. दिल्लीतील संग्रहालयांचे बलस्थान आणि त्यांची उणीव, दोन्ही या उशिरातून आली आहेत. इथे देशाच्या कानाकोपऱ्यातून निवडून आणलेल्या वस्तू एकत्र पाहायला मिळतात, पण त्यांतल्या फारच थोड्या दिल्लीच्या आहेत. त्यामुळे इथली कोणतीही मूर्ती किंवा चित्र पाहताना ती वस्तू काय आहे याइतकेच ती इथे कशी आली हे विचारणे फायद्याचे ठरते.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाली. नव्या शहराच्या आराखड्यात वास्तुकार लट्यन्सने आजचा कर्तव्यपथ आणि जनपथ जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकाभोवती सांस्कृतिक संस्थांची जागा राखून ठेवली होती. त्यांतली फक्त अभिलेखागाराची इमारत १९२६ मध्ये उभी राहिली, ती आजचे राष्ट्रीय अभिलेखागार. बाकीच्या कागदावर राहिल्या. जनपथावर, म्हणजे तेव्हाच्या क्वीन्सवेवर, मध्य आशियातील पुरावस्तूंचे एक संग्रहालय मात्र सुरू झाले, कारण ऑरेल स्टाइन या पुरातत्त्वज्ञाने तिथल्या वाळवंटातून आणलेल्या पेट्या ठेवायला जागा हवी होती. राष्ट्रीय पातळीवरच्या संग्रहालयाचा पहिला गंभीर आराखडा मॉरिस ग्वायर समितीने १९४६ मध्ये मांडला. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आले, फाळणी झाली, आणि प्रश्न पुन्हा मागे पडला.

तो पुढे आला तो जवळजवळ योगायोगाने. १९४७–४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकॅडमीने बर्लिंग्टन हाउसमध्ये भारत आणि पाकिस्तानच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी अनेक संग्रहालयांनी आपल्या निवडक वस्तू उसन्या दिल्या होत्या. त्या परत आल्यावर आपापल्या गावी पाठवण्यापूर्वी दिल्लीकरांना एकदा पाहता याव्यात म्हणून १९४८–४९ च्या हिवाळ्यात गव्हर्न्मेंट हाउसच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाच्या दालनांत मांडण्यात आल्या. इतक्या वस्तू एकत्र आल्याच आहेत तर त्यांच्याभोवती कायमचे संग्रहालय उभारावे, हा विचार तिथे पक्का झाला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याचे उद्घाटन केले. काही दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना ठेवून घेऊनच संसार थाटावा, तसा हा प्रारंभ होता. जनपथावरच्या सध्याच्या इमारतीची कोनशिला पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी १९५५ च्या मे महिन्यात बसवली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ती खुली झाली. आराखडा गणेश भिकाजी देवळालीकर यांचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे ते पहिले भारतीय प्रमुख, आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच. नव्या इमारतीतील मांडणी घडवली ग्रेस मॉर्ले या अमेरिकन बाईंनी. सॅन फ्रान्सिस्कोचे आधुनिक कलेचे संग्रहालय उभे करून त्या दिल्लीला आल्या होत्या. स्वतंत्र देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाची सूत्रे परदेशी व्यक्तीकडे द्यावीत की नाही हा वाद तेव्हाच्या सरकारला फारसा महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही. काम येणारा माणूस हवा होता.

इमारत मधल्या गोल, मोकळ्या चौकाभोवती फिरते. दालने या वर्तुळाला जोडलेली असल्याने माणूस एका दालनातून दुसऱ्यात जाताना पुन्हा पुन्हा उजेडात येतो, आणि संग्रहालयात हमखास येणारा थकवा थोडा लांबतो. दोन लाखांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह एका भेटीत पाहून होत नाही. ज्यांनी तो दोन तासांत पाहिल्याचे सांगितले, त्यांनी दालने ओलांडली एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या भेटीत हडप्पा, गुप्तकाळ, चोळ कांस्यमूर्ती आणि लघुचित्रे एवढे पाहून बाहेर पडणे शहाणपणाचे.

हडप्पा दालनात बहुतेकांची नजर एका वस्तूला शोधत असते आणि ती सापडल्यावर क्षणभर निराश होते. पाठ्यपुस्तकांतल्या छायाचित्रांमुळे मोहेंजोदडोची नर्तकी हातभर तरी उंच असेल असे मनात बसलेले असते. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटिमीटरची आहे, तळहातावर मावेल इतकी. १९२६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात ती सापडली. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, भाजताना मेण वितळून वाहून गेले की उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, या पद्धतीने ती केलेली आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या मुलीचा डावा हात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे, उजवा कमरेवर आहे. ती नाचत असल्याचा पुरावा कुठलाच नाही. नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिले आणि चिकटले.

तिच्या जवळच्या दागिन्यांकडे लोकांचे कमी लक्ष जाते, वास्तविक त्या दालनातली सगळ्यात विलक्षण गोष्ट त्यांत आहे. फाळणीनंतर सिंधू संस्कृतीच्या वस्तूंचीही वाटणी झाली. मोहेंजोदडो आणि हडप्पा ही दोन्ही ठिकाणे पाकिस्तानात गेली होती, पण तिथल्या कितीतरी वस्तू दिल्लीत होत्या. समसमान वाटप करायचे ठरले आणि ते इतके काटेकोर झाले की मोहेंजोदडोतील सोन्याच्या आणि मण्यांच्या काही माळा ओवलेल्या दोऱ्यातून सोडवून दोन देशांत अर्ध्या अर्ध्या वाटल्या गेल्या. नर्तकी भारतात राहिली, पुरोहित-राजा म्हणून ओळखली जाणारी दगडी मूर्ती अखेर पाकिस्तानकडे गेली. काचेआडची माळ अपुरी दिसत नाही, कारण मणी पुन्हा नीट ओवलेले आहेत. त्याच दालनात हरयाणातील राखीगढी येथील एका स्त्रीचा सांगाडा आहे. फाळणीनंतर सिंधू संस्कृतीची स्थळे भारताच्या हद्दीत शोधण्याची जी चुरस पुरातत्त्वज्ञांत लागली, तिच्यातून लोथल, कालीबंगन, धोलावीरा आणि राखीगढी ही नावे पुढे आली. महाराष्ट्रात त्या शोधाची दक्षिणेकडची कड प्रवरेकाठी दायमाबादला लागते.

गुप्तकाळाच्या दालनात उत्तर प्रदेशातील अहिच्छत्रा येथील शिवमंदिराच्या दारी असलेल्या गंगा आणि यमुना आहेत. गंगा मगरीवर, यमुना कासवावर, आणि दोघी जवळजवळ माणसाच्या उंचीच्या. त्या दगडाच्या नसून भाजलेल्या मातीच्या आहेत. एवढी मोठी मृण्मूर्ती भट्टीत न तडकता काढणे हे काम किती अवघड हे कुंभारकामाशी संबंध असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मंदिराच्या पायऱ्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या येणाऱ्याला पावन करत असत. आता दोघी एका ओळीत भिंतीला लागून उभ्या आहेत आणि मधला दरवाजा पाहणाऱ्याने मनात उभा करायचा आहे.

चोळ कांस्यमूर्तींच्या बाबतीत हीच कल्पनाशक्ती आणखी ताणावी लागते. नटराज, पार्वती, विष्णू या मूर्ती गाभाऱ्यात बसवण्यासाठी केलेल्या नव्हत्या, त्या मिरवणुकीच्या मूर्ती. त्यांच्या पीठाला कड्या किंवा भोके असतात, त्यांतून दांडे घालून भक्त त्या खांद्यावर घेत. मिरवणुकीत त्यांच्या अंगावर रेशीम, हार आणि दागिने इतके असत की मूर्तिकाराने घडवलेली कंबर आणि पाठ कुणाला दिसतच नसे. संग्रहालयात दिसते ते शिल्प, मंदिरात दिसत असे तो देव. ज्या शरीररेषेसाठी आज जगभर चोळ शिल्पकारांचे कौतुक होते, ती त्या काळी कारागीर आणि अर्चक यांच्याखेरीज फारच थोड्यांनी पाहिली असेल. या दालनात पीठाखालची भोके शोधून पाहण्यासारखी आहेत.

याच्या उलट घडते ते बुद्धाच्या अस्थींच्या दालनात. सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिपरहवा येथे १९७० च्या दशकातील उत्खननात मिळालेले अस्थींचे तुकडे इथे आहेत, थायलंडने भेट दिलेल्या सोनेरी मंडपात. श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथून आलेले यात्रेकरू त्यांच्यापुढे बसून प्रार्थना करतात, आणि त्यांच्या शेजारून शाळेची सहल गडबड करत जात असते. इथे संग्रहालयाचे मंदिर झाले आहे आणि रखवालदारांना ते सवयीचे झाले आहे.

लघुचित्रांची दालने मुद्दाम अंधारी ठेवलेली असतात. कागदावरचे वनस्पतिजन्य आणि खनिज रंग प्रखर उजेडात विटतात. पण ही चित्रे मुळात भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. बासनातून काढून, हातात धरून, जवळून पाहायची, दोघातिघांनी मिळून त्यावर बोलायचे, अशी त्यांची रीत. काचेपासून वीतभर अंतरावर उभे राहिल्याशिवाय बाबरनाम्याच्या पानांवरचे प्राणी किंवा पहाडी चित्रांतले पावसाळी ढग उलगडत नाहीत. इथे भिंगाचा उपयोग होतो, आणि एका दालनात पाच चित्रे नीट पाहिली तर पन्नास चित्रांवरून नजर फिरवल्यापेक्षा अधिक हाती लागते.

राष्ट्रीय संग्रहालयातील सर्वांत कमी गर्दीचे आणि कदाचित सर्वांत मोलाचे दालन मध्य आशियाचे. ऑरेल स्टाइनने १९०० ते १९१६ या काळात तीन मोहिमा काढून तकलामाकान वाळवंटाच्या कडेच्या गाडलेल्या वस्त्या खणल्या. दुसऱ्या मोहिमेचा तीन पंचमांश खर्च भारत सरकारने आणि दोन पंचमांश ब्रिटिश म्युझियमने केला होता, म्हणून सापडलेल्या वस्तूंची वाटणीही त्याच हिशेबाने झाली. दुनह्वांगच्या बंद गुहेतील रेशमावरची चित्रे आणि मीरान येथील भित्तिचित्रांतील पंखवाले तरुण दिल्लीला आले ते असे. चीनच्या दृष्टीने ही लूट आहे, आणि ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लंडनमधल्या भारतीय वस्तूंबद्दल जो प्रश्न भारतीय माणूस विचारतो, तोच या दालनात त्याला उलटा विचारला जातो.

इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जयपूरच्या महाराजांचे हे दिल्लीतले निवासस्थान १९३६ मध्ये बांधले गेले. पहिले अभिरक्षक हेर्मान ग्योत्स हे जर्मन कला-इतिहासकार आधी बडोद्याच्या संग्रहालयात होते. २००९ मध्ये मागे नवी इमारत जोडली गेली आणि मांडणीला हवी तेवढी जागा मिळाली. अवनींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय, रामकिंकर बैज हे सगळे इथे आहेत, पण या संग्रहाचा कणा अमृता शेरगिल. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्मलेली आणि १९४१ मध्ये लाहोरला अठ्ठावीस वर्षांची असताना गेलेली ही चित्रकार. तिचे वडील आणि पती यांच्याकडून आलेल्या चित्रांमुळे तिचे इतके काम एका जागी दुसरीकडे कुठेच नाही. ‘तीन मुली’ या तिच्या १९३५ च्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताने काढलेल्या या चित्रातल्या मुली काहीही करत नाहीत, कशाकडे पाहत नाहीत, आणि तरी त्यांच्यावरून नजर हलत नाही.

तिच्या कामाचे वळण बदलले ते महाराष्ट्रात. १९३६ च्या अखेरीस ती अजिंठ्याला गेली आणि तिथून दक्षिणेत. ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे त्यानंतरची. त्यांतले तांबूस, मातकट रंग आणि एकमेकांना खेटून बसलेल्या सावळ्या आकृती अजिंठ्याशिवाय समजत नाहीत. राजधानीतल्या संग्रहालयाची मर्यादाही इथेच कळते. मूर्ती गाडीत घालून आणता येते, अजिंठ्याची भिंत आणता येत नाही. तिच्या नकला करण्याचे दोन मोठे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून काढलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सने केलेल्यांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच, दुसऱ्या आगीत जळाल्या. म्हणून शेरगिलची ती चित्रे पाहून झाल्यावर औरंगाबादची वाट धरणे हाच पुढचा अभ्यास. याच संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांच्या कामापुढेही थांबावे. नागपुरात जन्मलेला आणि जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार पुढे दिल्लीतच स्थायिक झाला. त्याच्या चित्रांत वस्तू नाही, माणूस नाही, फक्त रंगाचे थर आहेत, आणि छापील पुस्तकात ते थर सपाट होतात.

भैरों मार्गावरचे हस्तकला संग्रहालय वेगळ्या विचारातून आले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात वस्तू जमवायला सुरुवात झाली तेव्हा हेतू शोभेचा नव्हता. यंत्राच्या मालापुढे कारागीर आपले नमुनेच विसरून जाईल, तेव्हा जुना उत्तम नमुना त्याला परत पाहता यावा, हा हेतू होता. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली इमारत जवळजवळ दिसतच नाही. कौलांचे उतार, एकातून एक निघणारी अंगणे, मध्येच एखादे लाकडी कोरीव दार. माणूस गल्लीतून चालावा तसा चालतो आणि वस्तूंपाशी पोचतो. संचालक ज्योतींद्र जैन यांच्या कारकिर्दीत कर्नाटकातल्या भूतपूजेच्या प्रचंड लाकडी मूर्तींपासून पाटणच्या पटोळ्यापर्यंतचा संग्रह नीट अभ्यासून मांडला गेला. आवारातली निरनिराळ्या प्रांतांची घरे १९७२ च्या व्यापार मेळ्यासाठी उभारलेली. तिथे देशभरातले कारागीर आळीपाळीने येऊन काम करतात आणि विकतातही.

या संग्रहालयाची एक वाईट आठवण नोंदवली पाहिजे. मिथिलेच्या श्रेष्ठ चित्रकार गंगादेवी यांनी आजारपणात इथल्या एका खोलीच्या भिंतींवर कोहबर, म्हणजे नवविवाहितांची खोली, रंगवली होती. नूतनीकरणाच्या काळात, २०१५ च्या सुमारास, ती भिंत नाहीशी झाली. काचेच्या कपाटातली वस्तू म्हणून ज्याची नोंद असते ते टिकते, आणि भिंत म्हणून ज्याची नोंद असते त्यावर हात फिरतो. लोककलेच्या बाबतीत हा धोका इथे अधिकच आहे, कारण तिची उत्तम उदाहरणे बहुधा कुणाच्या तरी घराच्या भिंतीवरच असतात.

दिल्लीतील संग्रहालयांचा आणखी एक मोठा गट म्हणजे घरे. ज्या घरात कुणी राहिले, काम केले किंवा मारले गेले, ते घरच जपायचे. आजच्या तीस जानेवारी मार्गावरच्या बिर्ला हाउसमध्ये, म्हणजे आजच्या गांधी स्मृतीत, महात्मा गांधी अखेरचे १४४ दिवस होते. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंतची त्यांची शेवटची पावले दगडात उठवून ठेवली आहेत. त्यांच्या अंगावरचे रक्ताने माखलेले वस्त्र मात्र इथे नाही, ते राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात आहे. दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या तर ही विभागणी खटकते. १, सफदरजंग रोड येथे इंदिरा गांधींच्या घरात ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी त्या ज्या वाटेने चालल्या ती वाट काचेखाली आहे. तीन मूर्ती भवन हे मुळात ब्रिटिश सरसेनापतीचे निवासस्थान. पुढे सोळा वर्षे नेहरूंचे घर, त्यांच्या पश्चात स्मारक, आणि २०२२ पासून त्याच्या आवारात सर्व पंतप्रधानांचे संग्रहालय. जुन्या घरातली पुस्तकांची कपाटे आणि नव्या इमारतीतले पडदे, दिवे, आवाज यांच्यातले अंतर पाहणाऱ्याला लगेच जाणवते. काही वस्तू गप्प असतानाच अधिक बोलतात, आणि नव्या संग्रहालयांना या गप्प राहण्याची भीती वाटते.

मराठी प्रवाशाच्या दृष्टीने या घरांत महत्त्वाचे स्थान २६, अलीपूर रोडचे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण इथेच झाले. जुना बंगला आता नाही. त्याच्या जागी उघडलेल्या ग्रंथाच्या, संविधानाच्या, आकाराची इमारत उभी आहे. एप्रिल २०१८ मध्ये ती खुली झाली. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी यांच्याइतकी तिची ओळख अजून झालेली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे अखेरचे काम ज्या जागी झाले ती जागा म्हणून तिथे जायला हवे, आकृतीसाठी नव्हे.

लाल किल्ला हे संग्रहालय म्हणून पाहायचे तर दोन दिल्ल्या एकाच वेळी दिसतात. शाहजहानचे महाल थोडे उरले आहेत. १८५७ नंतर इंग्रजांनी आतील बहुतेक वस्ती पाडून तिथे लष्करी बराकी बांधल्या. त्या बराकींतच २०१९ पासून १८५७ चा उठाव, जालियनवाला बाग आणि आझाद हिंद सेना यांची संग्रहालये आहेत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले १९४५–४६ मध्ये याच किल्ल्यात चालले, त्यामुळे त्या वस्तू इथे परक्या वाटत नाहीत. दिवाण-ए-खासमध्ये मराठी माणसाने मान वर करून छताकडे पाहावे. आजचे रंगवलेले लाकडी छत नंतरचे. मूळ छताला चांदीचा पत्रा होता, आणि १७६० मध्ये पानिपतावर जाण्यापूर्वी सदाशिवरावभाऊंनी तो काढून, आटवून सैन्याचा खर्च भागवला. मयूर सिंहासन त्याआधी, १७३९ मध्येच, नादिरशहाने नेले होते. किल्ल्यातल्या माहितीफलकांपुढे उभे राहिल्यावर नादिरशहाबद्दल राग आणि भाऊंची अडचण समजून घेण्याची वृत्ती, या दोन्ही एकदम मनात येतात. दोन्ही तिथेच तपासून पाहाव्यात.

पुराना किल्ल्यात उत्खननाचे थर आणि परदेशांतून परत मिळालेल्या चोरीच्या मूर्तींचे दालन आहे. हुमायूनच्या कबरीशेजारी जुलै २०२४ मध्ये उघडलेले जमिनीखालचे संग्रहालय मोगल स्थापत्य आणि निजामुद्दीन परिसर समजून घ्यायला फार चांगले, आणि कबरीच्या आधी पाहावे असे. काश्मिरी गेटजवळच्या दारा शिकोह ग्रंथालयाच्या इमारतीत २०२३ पासून फाळणीचे संग्रहालय आहे. तिथल्या वस्तू ट्रंका, किल्ल्या, पत्रे, एखादे लुगडे अशा घरगुती आहेत, आणि राष्ट्रीय संग्रहालयातली वाटून घेतलेली माळ पाहिलेल्या माणसाने तिथे जाणे सयुक्तिक ठरते. बाकी लहान संग्रहालयांची यादी मोठी आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय, चाणक्यपुरीतील १९७७ चे रेल्वे संग्रहालय आणि त्यातली पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी गाडी, आनंदग्राममधील संस्कृती प्रतिष्ठानचा रोजच्या वापरातल्या भांड्याकुंड्यांचा संग्रह, साकेतमधले किरण नाडर कला संग्रहालय, आणि सुलभचे शौचालयांचे संग्रहालय, जे हसण्यावारी नेले जाते आणि जिथून लोक गंभीर होऊन बाहेर येतात.

भेटीचे नियोजन करताना सोमवार वगळावा. राष्ट्रीय संग्रहालय, आधुनिक कला संग्रहालय, हस्तकला संग्रहालय, लाल किल्ला, गांधी स्मृती ही सगळी त्या दिवशी बंद असतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, तरी डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे रेल्वेगाड्या उशिरा येतात हे लक्षात ठेवावे. राष्ट्रीय संग्रहालयाला केंद्रीय सचिवालय किंवा उद्योग भवन हे मेट्रो स्थानक जवळचे. माहितीफलक हिंदीत आणि इंग्रजीत असतात. देवनागरी असल्याने मराठी वाचकाची अडचण होत नाही, पण फलकावरचा मजकूर बहुधा काळ, ठिकाण आणि द्रव्य एवढाच. वस्तू कोणी खणली, कोणाकडून आली, कधी आली हे क्वचितच लिहिलेले असते. त्यासाठी नोंदक्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांकडे पाहण्याची सवय लावावी, त्यांतून बहुधा वस्तू नोंदवल्याचे वर्ष कळते. मुलांना घेऊन जाताना एका दालनावर समाधान मानावे. दुसऱ्या दालनात त्यांना भूक लागते.

हे सगळे चित्र येत्या काळात बदलणार आहे. राष्ट्रपती भवनासमोरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या सचिवालयाच्या इमारतींत ‘युगे युगीन भारत’ या नावाने नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. १ लाख १७ हजार चौरस मीटर क्षेत्र, ९५० खोल्या. जुन्या वास्तूंचे संग्रहालयात रूपांतर करण्याच्या कामासाठी फ्रान्सशी करार झाला आहे. हर्बर्ट बेकरने कारकुनांसाठी बांधलेल्या त्या ओळीने असलेल्या खोल्यांत चोळ नटराज कसा मांडायचा, नाजूक मृण्मूर्ती हलवायच्या कशा, आणि एवढ्या विस्तारात पाहणाऱ्याचे पाय टिकतील कसे, हे प्रश्न तज्ज्ञांनी जाहीरपणे उपस्थित केले आहेत. अशा बदलांच्या काळात दालने आळीपाळीने बंद राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून जावे. मोहेंजोदडोची माळ आणि अहिच्छत्राची गंगा देवळालीकरांच्या त्या गोल इमारतीत पाहायची असेल, तर हा बेत फार लांबवू नये.